तवंदीच्या चढावरची टकटक

"इंजिन उघडायचं न्हाय," असं मी निपाणीच्या भर मोटार स्टँडावर बोलून बसलो, आणि तिथून माघार घ्यायला मला जागा राहिली नाही.

ते बोललो तेव्हा माझं वय सव्वीस-सत्तावीस असेल. नक्की कुणी लिहून ठेवलेलं नाही. शाळा दुसरीपर्यंत. पुढं मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यात चूक माझी होती असं मला आजही वाटत नाही. इंजिनाचं काम मी खानापुरात भाताच्या गिरणीवर शिकलो. तिथलं तेलावरचं इंजिन माणसापेक्षा उंच. त्याच्या पोटात काय दुखतंय हे बघायला ते उघडायचं म्हणजे दोन दिवस गिरणी बंद, आणि मालक शिव्या देणार. म्हणून तिथला म्हातारा मिस्त्री लाकडाची हातभर दांडी इंजिनाला टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचा आणि ऐकत राहायचा. दहा-दहा मिनिटं. मग सांगायचा, अमुक ठिकाणचा नट ढिला. उघडल्यावर तेच निघायचं. मी ती विद्या घेतली. लिहायला-वाचायला लागत नव्हती, म्हणून पक्की बसली.

घरात थोरल्या भावाशी वाजलं तेव्हा मी निपाणीला आलो. निघताना भाऊ म्हणाला होता, "जा. चार दिसांत परत येतोस बघ भात सडायला." निपाणीत स्टँडाच्या बाजूला पत्र्याचं एक खोपटं घेतलं. तंबाखूवाल्या व्यापाऱ्यांच्या मोटारी, पाणी खेचायची इंजिनं, सायकली, जे येईल ते. आणि समोर दवाखाना असलेल्या डॉक्टरांची मोटारसायकल.

ती विलायती गाडी होती, एका सिलिंडरची. सगळ्या निपाणीत तशी दुसरी नव्हती. डॉक्टर तिच्यावरून खेड्यापाड्यांना जायचे. युद्ध चाललेलं, पेट्रोल कुपनावर. पण डॉक्टर म्हणून त्यांना मिळायचं. भादव्यात त्या गाडीचं बेरिंग गेलं. पिस्टनचा दांडा खाली ज्या बेरिंगवर फिरतो, ते. डॉक्टर म्हणाले, "बेळगावला पाठवू का?" मी म्हणालो, "कशाला? मी हाय की." मी ते इंजिन उघडलं, नवं बेरिंग बसवलं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, राख खरवडून साफ केली, ठिणगी पाडणारा म्याग्नेट जुळवला आणि बंद केलं. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली. महिनाभर डॉक्टर खूश.

दसरा झाला आणि गाडी वाजायला लागली.

सपाटीला काही नाही. उभी ठेवून चालू केली तरी काही नाही. पण संकेश्वरच्या वाटेवर तवंदीचा घाट लागला, गाडी चढायला लागली, की आतून टक टक टक टक. तांब्याच्या घागरीवर कुणी खडा मारावा तसं. डॉक्टर परत येऊन माझ्यापुढं उभे राहिले. "मिस्त्री, तुझं बेरिंग वाजतंय."

"माझं न्हाय वाजत," मी म्हणालो.

"मग कुणाचं वाजतंय?"

आणि नेमका त्याच दिवशी बेळगावच्या कँपातला, म्हणजे लष्करी छावणीतला, एक मेकॅनिक एका तंबाखूवाल्याच्या मोटारीसाठी निपाणीत आला होता. साहेबांच्या गाड्यांवर काम केलेला माणूस, खाकी प्यांट, खिशात मोजायची पट्टी. त्यानं डॉक्टरांना मागं बसवून गाडी घाटात नेली आणि परत आणली. उतरल्या उतरल्या म्हणाला, "बेरिंग गया, साहेब. कुणी बशिवलं हे?"

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. स्टँडावरच्या सगळ्यांनी बघितलं.

"भाताच्या गिरणीतला हाय त्यो," एक मोटार ड्रायव्हर म्हणाला. "इंजिन सोललं असंल तांदळागत!"

हशा झाला. कँपवाला मात्र हसला नाही. तो सरळ म्हणाला, "बाजारच्या दिवशी आमचा ट्रक येतोय. त्यात घालून बेळगावला न्हेतो. इंजिन खोलायला लागंल."

तेव्हा मी ते वाक्य बोललो. "इंजिन उघडायचं न्हाय. आवाज बेरिंगचा न्हाय."

"कशावरनं?"

"कानावरनं."

पुन्हा हशा. पण मी खरं तेच सांगितलं होतं. बेरिंग गेलं की आवाज जड येतो, उखळात कुटल्यासारखा, धड धड, आणि तो सपाटीलाही येतो. हा आवाज उथळ होता, टणटणीत होता, आणि फक्त चढाला. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं, म्हणजे त्यांचा रुग्ण थांबला असणार. म्हणाले, "चार दिवस आहेत बाजाराला. तोवर सापडलं तर बघ. नाहीतर ट्रकात घालायची."

आता शिकलेल्या माणसाला वाटेल, घालू द्यायची होती ट्रकात, बेरिंग चांगलं निघालं असतं की! नाही निघालं असतं. म्हणजे निघालं असतं, पण कुणाला दिसलं असतं? गाडी बेळगावला उघडली एवढंच निपाणीला कळलं असतं. मिस्त्रीनं बिघडवली, कँपात नीट झाली, संपलं. त्यानंतर माझ्या खोपटात सायकलसुद्धा कुणी लावली नसती. आणि खानापुरात भाऊ दारातच बसलेला होता.

पहिल्या दिवशी मी पेट्रोलवर संशय घेतला. त्या दिवसांत पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायचे लोक लई, आणि रॉकेल मिसळलं की गाडी चढाला वाजते हे मला ठाऊक होतं. टाकी पूर्ण रिकामी केली. डॉक्टरांच्या कपाटातल्या बंद डब्यातलं पेट्रोल घातलं. तवंदी चढलो. टक टक टक.

दुसऱ्या दिवशी वाटलं, राख साठली असेल. पण महिन्यापूर्वी मीच खरवडलेली. तरी प्लग काढून त्या भोकातून तार घालून चाचपून बघितलं. साफ. मग लाकडाची दांडी कानाला लावून अर्धा दिवस बसलो. स्टँडावरचे लोक बिड्या ओढत बघत होते.

"काय म्हंत्यात इंजिनसाहेब?"

"म्हंत्यात, बाजूला हो, माझ्यावर सावली पडालीया," मी म्हणालो.

दांडीतून मला माझं बेरिंग ऐकू येत होतं. गुळगुळीत. एका सुरात. इतकं चांगलं बेरिंग मी त्याआधी बसवलं नव्हतं आणि नंतरही थोडीच बसवली. पण उभ्या गाडीत आवाज नव्हताच, मग दांडी काय सांगणार? घाटात चालत्या गाडीवर दांडी कानाला लावावी म्हणून मी मागं बसून तेही करून बघितलं. डॉक्टर ओरडले, "अरे पडशील!" पडलो नाही. पण ऐकायला वाऱ्याशिवाय काही आलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडीनं मला लाथ मारली.

तेव्हाच्या गाड्या पायानं दांडा दाबून चालू करायच्या. मी दाबला तर दांडा उलटा उसळून नडगीवर आला. मी खालीच बसलो, नडगी धरून. स्टँडावरून कुणीतरी ओरडलं, "आता गाडीबी मारायला लागली मिस्त्रीला!" मी शिवी द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मला आठवलं, डॉक्टर दसऱ्यापासून लंगडत होते. त्यांनाही हीच लाथ बसली असणार. मी विचारलं नव्हतं. डॉक्टरला कशानं दुखतंय हे आपण काय विचारायचं?

गाडी उलटी लाथ मारते ती एकाच कारणानं. ठिणगी लवकर पडते. हे नीट सांगतो. पिस्टन वर येऊन पोचायला आणि ठिणगी पडायला गाठ पडली पाहिजे. तो अजून वाटेतच असताना ठिणगी पडली तर ते येणाऱ्या पाव्हण्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. गाडी जोरात पळत असेल तर चालतं, पाव्हणा घाईत असतो. पण चालू करताना आणि चढाला, जेव्हा इंजिन हळू आणि ओझं जास्त, तेव्हा ठिणगी उशिरा पाहिजे. त्यासाठी हँडलवर डाव्या हाताला बोटभर लिव्हर असायचा. तिथून एक तार नळीतून टाकीखालनं जाऊन म्याग्नेटला पोचायची. लिव्हर ओढला की ठिणगी लवकर. सोडला की म्याग्नेटवरची बारकी स्प्रिंग तार मागं खेचायची आणि ठिणगी उशिरा.

लिव्हर तर सोडलेलाच होता. मी बघूनच दांडा दाबला होता.

मी तिथेच जमिनीवर बसून, नडगी चोळत, खालून वर बघितलं. हात लांब करून लिव्हर ओढला, सोडला. वर लिव्हर परत आला. खाली म्याग्नेटवरचा कान, ज्याला तार अडकवलेली असते तो, हलला नाही. पुन्हा ओढला. पुन्हा सोडला. लिव्हर येतोय, तार येत नाही. स्प्रिंगचं बळ कमी पडत होतं. वाटेत कुठंतरी तार चिमटली होती.

मी आडवा होऊन टाकीखाली मुंडकं घातलं. हँडलच्या मानेजवळ पिवळ्या-लाल दोऱ्यांचा अंगठ्याएवढा जाड गुंडाळा होता, त्यात हळकुंडं. दोऱ्याखाली नळी होती. चेपलेली. पार चपटी.

तो दोरा डॉक्टरांच्या आईंचा होता. त्यांना सगळी गल्ली आक्का म्हणायची. आमच्याकडं खंडेनवमीला अवजारं पुजतात, नांगरापासून इंजिनापर्यंत. आक्का दर खंडेनवमीला गाडीला हळदीत भिजवलेला दोरा बांधायच्या, त्यात एक हळकुंड. लेक अवेळी रानावनातून फिरतो म्हणून. आदल्या वर्षाचा दोरा सोडायचा नाही, नवा त्याच्यावरच, असा त्यांचा रिवाज. असे चार दोरे होते. गेल्या सालचं हळकुंड वाटेत कुठंतरी पडलं, ते आक्कांच्या मनाला लागलं होतं. म्हणून या वर्षी पाचवा दोरा त्यांनी जाड पिळाचा आणला आणि गुडघा लावून आवळला.

हे मला कसं माहीत? त्या दिवशी धरलं मीच होतं. "मिस्त्री, घट्ट धर, सुटता कामा नये," आक्का म्हणाल्या, आणि मी हँडलची मान आणि नळी एकत्र मुठीत धरून दिली. वर नमस्कारही केला. आणि आता तीन दिवस त्याच गुंडाळ्यावरून हात फिरवत होतो, टाकी काढत होतो, घालत होतो. दोरा दिसत होता. पण तो देवाचा. गाडीचा भाग म्हणून मी त्याला मोजलंच नव्हतं.

खिशात चाकू होता. पण नाही कापला. भित्रा नव्हतो मी. दुसऱ्यानं बांधलेला देवाचा दोरा कापायचा नसतो एवढंच.

दवाखान्याच्या मागंच घर. आक्का कट्ट्यावर शेंगा सोलत होत्या.

"आक्का, गाडीचा दोरा सोडायला लागतोय."

"तो सोडायचा नसतो."

"त्याच्यामुळंच गाडी वाजालीया."

त्यांनी शेंग खाली ठेवली. "म्हणजे देवाच्या दोऱ्यानं गाडी बिघडली म्हणतोस?"

"दोरा देवाचा. गाठ तुमची."

असं बोलायला नको होतं. पण तोंडातून गेलं. आक्का मला आपादमस्तक न्याहाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि धरायला मूठ कुणाची होती रे?"



आक्का उठल्या. बाहेर आल्या, पदर खोचून गाडीपाशी बसल्या आणि दाभण मागवला. कापू दिला नाही. पाचही गाठी एकेक करून उकलल्या. तासभर लागला. स्टँड बघत होतं, पण आक्का बसल्यात म्हटल्यावर कुणाची टिंगल करायची छाती झाली नाही. पाचही दोरे हळकुंडांसकट त्यांनी पुढच्या दिव्याच्या दांडीला बांधले. "हितं काय अडतंय का?" असं मला विचारून. मी लिव्हर ओढला, सोडला. खाली म्याग्नेटचा कान टक्कन परत आला. मी नळी बोटांनी गोल केली, तेलाचे चार थेंब सोडले.

चौथा दिवस बाजाराचा. सकाळीच डॉक्टरांनी मला मागं बसवलं आणि आम्ही तवंदीला गेलो. चढ लागला. डॉक्टरांनी लिव्हर सोडला. गाडी चढत राहिली. पहिलं वळण, दुसरं वळण. नुसता भक भक आवाज, समाधानी म्हशीसारखा. माथ्यावर डॉक्टरांनी गाडी थांबवली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. खाली निपाणी दिसत होती, तंबाखूची रानं दिसत होती. मला वाटलं, झालं. जिंकलो.

डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "मिस्त्री, एक ऐक. कँपवाल्याला आपण काय सांगायचं?"

"जे झालं त्ये."

"आईचं नाव कशाला चव्हाट्यावर? लोक हसतील. म्याग्नेटचा स्क्रू ढिला राहिला होता म्हणू. तू घट्ट केलास. संपलं."

"म्याग्नेट कुणी बशिवलाय?"

"तूच."

"मग स्क्रू ढिला कुणी ठेवला?"

डॉक्टर हसले. "अरे, एवढंसं तर आहे. माणूस आहे, चुकतो. माझं सगळं काम तुझ्याकडंच राहील. मी चार जणांना सांगीन."

"तुमचं काम नको," मी म्हणालो. "मी स्क्रू ढिला ठेवत न्हाय."

"हट्टी आहेस."

"व्हय."

"बस मागं. उशीर होतोय."

मी बसलो नाही. म्हणालो, "तुम्ही जावा." डॉक्टर गाडी चालू करून गेले. मी घाट पायी उतरलो. नडगी सुजलेली, उन्हं चढलेली. बाजाराच्या गाड्या बाजूनं जात होत्या, कुणीतरी विचारलं, "येतोस काय रं?" नाही म्हणालो. त्या दिवशी कुणाच्याच गाडीत मला बसायचं नव्हतं. वाटेत ठरवलं, तोंडावर खोटं सांगितलं तर भर बाजारात डॉक्टरांना खोटं पाडायचं. मग खानापूर तर खानापूर.

स्टँडावर पोचलो तर ट्रक उभा होता. कँपवाला, डॉक्टर, आणि बाजाराची अर्धी गर्दी. डॉक्टर सांगत होते, "तार जरा अडकली होती... सोडवली."

"कशानं अडकली?" कँपवाला विचारत होता. तो काही कच्चा नव्हता. "तार आपोआप नाही अडकत, साहेब. कुणी बसवताना चेपली असंल." आणि त्यानं माझ्याकडं मान वळवली. गर्दीही वळली.

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"मी बांधला दोरा," आक्का म्हणाल्या.

त्या दवाखान्याच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "खंडेनवमीला. लई आवळून बांधला. त्याखाली तार चेपली. माझ्या चुकीला दुसऱ्याचं नाव लावू नका." आणि एवढं बोलून त्या आत वळल्या. माझ्या मुठीबद्दल अवाक्षर काढलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

माझं नाव बचावलं होतं. गप्प बसायचं होतं मी. कोणीही शहाणा बसला असता. पण त्या बाईनं आपल्या अंगावर घेऊन मला झाकलं, आणि मी झाकलेल्या नावानं त्या स्टँडावर जन्मभर बसायचं? मला जमण्यातलं नव्हतं.

"आणि धरला मी!" मी ओरडलो. "आक्कांनी बांधला, मी धरला. नळीसकट. तीन दिस डोळ्यांपुढं होता, दिसला न्हाय. ही चूक माझी. पण बेरिंग माझं चांगलं हाय, आणि म्याग्नेट चांगला हाय, आणि स्क्रू एकबी ढिला न्हाय. कुणाला बघायचं असंल त्यानं गाडी घेऊन घाट चढावा."

आत दारापाशी आक्का थांबल्या. "लई बोलतंय हे," असं म्हणाल्या, कुणाला ते कळलं नाही.

कँपवाला पुढं झाला. डॉक्टरांना विचारून त्यानं गाडी घेतली आणि घाटाकडं गेला. आम्ही सगळे उभे. ट्रकचा ड्रायव्हर उतरून विचारायला लागला, चढवायची का नाही गाडी? पाऊण तासानं लांबून आवाज आला, तोच भक भक. कँपवाल्यानं गाडी माझ्या खोपटापुढं आणून उभी केली. इंजिन बंद करायच्या आधी त्यानं लिव्हर दोनदा ओढला, सोडला. वाकून म्याग्नेट बघितला. मग माझी लाकडाची दांडी भिंतीला टेकलेली होती, ती उचलून त्यानं इंजिनाला लावली, कान टेकला, आणि चांगला वेळ तसाच वाकून राहिला.

मग सरळ होऊन त्यानं विचारलं, "बेरिंग कुणी बशिवलं हे?"

साऱ्या स्टँडाला माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. तरी मी पुन्हा सांगितलं, आत आक्कांच्या कानांवर जाईल एवढ्या मोठ्यानं.